स्वस्त विमानकंपनीने आई-बाबांना मेलबर्नला पाठवावं का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. ताई मेलबर्नला असते, तिचं बाळंतपण फेब्रुवारीत आहे. आई-बाबा जानेवारीच्या अखेरीस निघतील, एप्रिलमध्ये परततील. बाबा ७१ वर्षांचे, आई ६६. बाबांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेली, जिथे देशाचे पासपोर्ट छापले जातात, आणि स्वतःचा पासपोर्ट मात्र त्यांनी आता पहिल्यांदा काढला. परदेशी जायची दोघांचीही पहिलीच वेळ. बाबांचा उजवा गुडघा धरतो, आईला बीपीची गोळी चालू आहे. सोबत कोणी नाही, मला रजा मिळणार नाही.

तिकिटांचे तीन पर्याय दिसतायत. एक, सिंगापूर एअरलाइन्सने मुंबई-सिंगापूर-मेलबर्न, हा सगळ्यात महाग. दोन, आग्नेय आशियातली एक स्वस्त कंपनी, तीही मुंबईपासून मेलबर्नपर्यंत एकाच तिकिटावर. यात दोघांचे जाऊन-येऊन साधारण ३८ हजार वाचतात. तीन, मधल्या शहरापर्यंत एका कंपनीने आणि पुढे दुसऱ्या स्वस्त कंपनीने, दोन वेगवेगळी तिकिटं. यात आणखी १५ हजार वाचतात. दाजी म्हणतात तिसरंच घ्या, आम्ही सगळे असेच येतो-जातो. पैशांचा आकडा ऐकून बाबाही तिकडेच झुकलेत. मला मात्र धाकधूक वाटते.

इतका लांबचा प्रवास स्वस्त कंपनीच्या इकॉनॉमीतून कोणी केलाय का? विशेषतः वयस्कर माणसांनी? जे असेल ते स्पष्ट सांगा.

द्वारका सर्कल

पहिला पर्याय घ्या. गेल्या उन्हाळ्यात सासू-सासऱ्यांना एका स्वस्त कंपनीने पाठवलं होतं. निघायच्या पंधरवडाभर आधी मेल आला की विमानाची वेळ सहा तासांनी पुढे गेली. कस्टमर केअरला फोन लागेना, चॅटवर तीच तीच ठरावीक उत्तरं. खऱ्या माणसाशी बोलणं व्हायला दोन दिवस गेले. पोचले सुखरूप, पण तोवर घरात कोणाला झोप नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या जिवाला घोर लागण्यापेक्षा ३८ हजार गेलेले परवडले.

ओझरकर

गोदाकाठ, जरा सविस्तर लिहितो, कारण मी आणि सौ. मुलीकडे मेलबर्नला स्वस्त कंपनीनेही गेलोय आणि महागड्या कंपनीनेही. वय तुमच्या आई-बाबांच्या आसपासचंच. मी ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे लढाऊ विमानांच्या कारखान्यात, असेंब्लीला होतो, आधी मिग, मग सुखोई. प्रवासी विमान हा निराळा विषय आहे, पण आत शिरलो की नजर आपोआप खुर्च्यांच्या रुळांकडे जाते.

माझं मत आधी सांगतो. तिसरा पर्याय डोक्यातून काढून टाका. दुसरा चालेल, पण वाचलेल्या ३८ हजारांतले काही पैसे परत त्याच तिकिटात घालायची तयारी ठेवा. न घालता तसंच पाठवणार असाल तर मग पहिलाच बरा.

तिसरा का नको? दोन तिकिटं म्हणजे दोन कंपन्यांशी दोन वेगळे व्यवहार. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं निघून गेलं, तर दुसऱ्या कंपनीच्या दप्तरी प्रवासी आलाच नाही. तिकीट बुडालं, त्या दिवशीच्या भावाने नवीन काढा. पहिली कंपनी म्हणणार, आम्ही आमच्या ठिकाणी पोचवलं. शिवाय बॅगा थेट मेलबर्नला जात नाहीत. मधल्या विमानतळावर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचं, बेल्टवरून बॅगा उचलायच्या, पुन्हा चेक-इनची रांग धरायची. इमिग्रेशन ओलांडणं म्हणजे त्या देशात प्रवेश करणं. सिंगापूर किंवा व्हिएतनाम असेल तर भारतीयांना त्यासाठी व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. मलेशियाने सध्या आपल्याला व्हिसा माफ केलाय, तरी तिथे शिरायचं तर अरायव्हल कार्ड आधी ऑनलाइन भरावं लागतं. तुमचे दाजी पाठीवर एक सॅक टाकून हे सहज करत असतील. गुडघा धरणाऱ्या माणसाने, अनोळखी देशात, घड्याळाकडे बघत, भरलेली ट्रॉली ढकलत हे करू नये. मला यात दुसरं मत दिसत नाही.

एकाच पीएनआरवर असाल तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यास पुढच्या विमानात बसवणं कंपनीवर येतं. मात्र बुकिंगच्या काही वेबसाइट दोन तिकिटं जोडून एकाच पानावर दाखवतात. किंमत एक, पैसे एकदाच भरायचे, आणि आत बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर', म्हणजे मधला बदल तुमचा तुम्ही करा, असं लिहिलेलं असतं. म्हणून तिकीट कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढा, आणि बॅग मेलबर्नपर्यंत जाते का हे पैसे भरायच्या आधी बघून घ्या.

आता खुर्ची. लोक कंपनीचं नाव बघतात, मी म्हणतो आधी विमान बघा. एअरबस ए-३३० मध्ये बहुतेक कंपन्या आडव्या ओळीत ८ खुर्च्या बसवतात, दोन-चार-दोन. एअरएशिया एक्ससारखी कंपनी तेवढ्याच रुंदीत ९ बसवते, तीन-तीन-तीन. विमान तर तेवढंच आहे, मग अरुंद होते ती खुर्ची. आठच्या मांडणीत ती साधारण १८ इंच, नऊच्या मांडणीत साडेसोळाच्या आसपास. दीड इंच ऐकायला काहीच नाही, पण आठ तास शेजाऱ्याच्या दंडाला दंड घासत बसलं की तो दीड इंच कळतो. बोईंग ७८७ मध्ये मात्र महागड्या कंपन्याही जवळपास सगळ्या ९ च बसवतात. म्हणजे ७८७ असेल तर रुंदीच्या बाबतीत स्वस्त कंपनीत फारसं काही गमावत नाही.

७८७ चा आणखी एक फायदा वयस्कर माणसांना होतो. उंचावर विमानाच्या आत जमिनीसारखा दाब ठेवत नाहीत. बहुतेक विमानांत तो ८,००० फुटांच्या डोंगरावर असावा इतपत खाली जाऊ देतात. ७८७ आणि ए-३५० मध्ये तो ६,००० फुटांपलीकडे जात नाही. ७८७ चं धड कार्बन फायबरचं आहे, दाब भरणं-सोडणं याने ते ॲल्युमिनियमसारखं थकत नाही, म्हणून आत जास्त दाब धरता येतो. डोकं जड होणं, थकवा, हे कमी जाणवतं. सौ.ला हा फरक स्पष्ट जाणवला, मी काही न सांगता.

बाबांचा उजवा गुडघा आहे ना? मग सीट पैसे देऊन निवडा, आणि कुठलीही वाटेकडची नको, विमानाच्या डाव्या बाजूच्या तीन खुर्च्यांतली वाटेकडची घ्या. तिचं अक्षर सहसा सी असतं. तिथे वाट उजव्या हाताला येते, म्हणजे दुखरा पाय वाटेत लांब करता येतो. उलट्या बाजूची वाटेकडची घेतली तर डावा पाय मोकळा आणि उजवा कोंडलेला राहील. शेजारची बी आईंना. नकाशात इमर्जन्सी दरवाजाजवळची ऐसपैस जागा दिसेल, तिच्या मोहात पडू नका. वेळ आली तर दरवाजा उघडू शकेल अशाच माणसाला तिथे बसवतात, या वयाच्या आणि गुडघा धरणाऱ्या माणसाला तिथून उठवतील.

स्वस्त कंपनी जवळच्या मार्गावर का परवडते ते समजून घ्या, म्हणजे लांबच्या मार्गावर काय होतं ते कळेल. मुंबई-गोव्याला विमान उतरलं की अर्ध्या-पाऊण तासात परत उडवतात, दिवसभरात फेऱ्या जास्त होतात. आठ तासांच्या मार्गावर ही युक्ती चालत नाही, कारण महागड्या कंपनीचं विमानही तितकेच तास हवेत असतं. मग बचत करायची कुठून? जास्त खुर्च्या बसवायच्या, आणि जेवण, बॅग, सीट, पांघरूण या प्रत्येकाचे वेगळे पैसे घ्यायचे. हातात जादा विमानंही कमी ठेवतात. एक बिघडलं की पुढच्या दोन दिवसांचं वेळापत्रक हलतं. द्वारका सर्कल यांना जो मेल आला तो तसल्याच ओढाताणीतून येतो. यातल्या काही कंपन्या टिकल्याही नाहीत. वॉव एअरने डिसेंबर २०१८ मध्ये दिल्लीहून आइसलँडमार्गे स्वस्तात नेणं सुरू केलं आणि मार्च २०१९ मध्ये कंपनीच बंद पडली. नॉर्वेजियनने जानेवारी २०२१ मध्ये लांबचे मार्ग कायमचे सोडले. आपल्याकडे जेट एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. यात जेट तर स्वस्त कंपनी म्हणून ओळखलीही जात नव्हती. म्हणून घाबरवत नाही, एवढंच म्हणतो की पैसे क्रेडिट कार्डाने भरा. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे दाद मागता येते, यूपीआयने भरले तर ती सोय तशी नाही.

बॅगांचं वजन ही सगळ्यात जास्त मनस्तापाची गोष्ट. हातातली बॅग ७ किलो म्हणजे ७ किलोच, आणि स्वस्त कंपन्या ती खरोखर तोलतात, कधी कधी गेटवर. आमच्या मेलबर्नच्या विमानाच्या गेटवर काटा मांडून बसले होते. आमच्या पुढे एक गृहस्थ, ७५ च्या घरातले, पंजाबातले असावेत. बॅग दोन-अडीच किलो जास्त भरली. त्यांनी तिथेच जमिनीवर बसून बॅग उघडली, दोन स्वेटर काढून एकावर एक चढवले, औषधांच्या पिशव्या खिशात कोंबल्या, नातवासाठी आणलेला स्टीलचा ग्लास हातात धरला. मागे शंभर माणसं उभी. घामाने निथळत होते बिचारे. मी त्यांची बॅग मिटायला मदत केली, पण त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. कोणाच्या वडिलांवर ही वेळ येऊ नये. चेक-इनचं वजन तिकिटाबरोबरच विकत घ्या, विमानतळावर तेच कितीतरी महाग पडतं. आणि हातातली बॅग घरून भरतानाच साडेसहावर थांबवा. मेन रोडला बॅगा तोलायचा छोटा हूकवाला काटा मिळतो, तो घ्या.

जेवणही आधीच नोंदवा. विमानात मागितलं तर शाकाहारी संपलेलं असू शकतं, आणि तिथे रुपये चालत नाहीत, परदेशात चालणारं कार्ड लागतं. बाहेरचे पदार्थ खायला काही कंपन्यांची मनाई असते, तो नियम वाचून घ्या. पाण्याची रिकामी बाटली सोबत असू द्या, सिक्युरिटी झाल्यावर भरून घ्यायची. आतली हवा फार कोरडी असते, तहान लागली नाही तरी घोट घोट पाणी पीत राहायचं. आणि एक बऱ्यापैकी जाड शाल, कारण पांघरूण फुकट मिळत नाही आणि रात्री आत गारठा असतो.

सिडकोवाली

ओझरकरकाकांनी विमानाचं सगळं सांगितलंय, मी उतरल्यावरचं सांगते. माझ्या दोन्ही बाळंतपणांना आई ऑस्ट्रेलियात आली होती. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, हे सगळं तुमच्या आई बांधणारच, आजी होणाऱ्या बाईला कोण अडवणार! पण विमानात जे कार्ड भरून घेतात त्यात खाण्याचे पदार्थ, बिया, लाकडाच्या वस्तू आहेत का असं विचारलेलं असतं. तिथे खुशाल 'हो' लिहायचं. जाहीर केलं आणि त्यांना चाललं नाही, तर ते काढून घेतात, बस. लपवलं आणि सापडलं तर जागेवर दंड, प्रसंगी व्हिसाही रद्द होतो. 'हो' लिहिलं की रांग वेगळी असते, थोडा वेळ जातो, एवढंच.

पेढे, बर्फी, दुधाची कुठलीच मिठाई नेऊ नका. ताजा कढीपत्ताही नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईतच काढतील, तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आईने पाकीटबंद नेला, वर इंग्रजीत नाव चिकटवलं. कोंडाजीचा चिवडा सीलबंद पाकिटातच न्या, घरच्या डब्यात ओतून नको. अळीव म्हणजे बी, ते तिथे मिळतं, इथून नेण्याचा हट्ट नको.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत, आणि तीन महिन्यांना पुरतील इतकीच, तिथे तेवढीच मर्यादा आहे. ती हातातल्या बॅगेत. जानेवारीत मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं, बीपीची गोळी कोणत्या वेळी घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून द्या. आईच्या पायांना सूज यायची, तिच्या डॉक्टरांनी घट्ट मोजे घालायला सांगितले होते. तेही विचारून घ्या.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. स्वेटरवाल्या गृहस्थांचं ऐकल्यावर बाबा स्वतःच म्हणाले, दोन तिकिटांचं राहू दे. दुसऱ्या पर्यायात मधल्या शहराहून मेलबर्नला जाणारं लांबचं विमान ७८७ नाही, ए-३३० आहे, नऊच्या मांडणीचं. आणखी दोन शंका. व्हीलचेअर मागवावी का? बाबांना ते कमीपणाचं वाटतं. आणि मुंबईचं विमान रात्री ११ च्या सुमाराचं आहे, नाशिकहून त्याच दिवशी निघालं तर चालेल?

ओझरकर

व्हीलचेअर जरूर मागवा, दोघांसाठीही. त्यांना म्हणावं, ही पायांसाठी नाही, वाट दाखवायला माणूस मिळावा म्हणून आहे. मधल्या विमानतळावर एका गेटवरून दुसऱ्या गेटला जाताना लांबच लांब चालणं, ट्रेन, इंग्रजी पाट्या, हे सगळं तो माणूस सांभाळतो. इमिग्रेशनला रांगेत उभं राहावं लागत नाही. तिकिटावर नोंद करा, आणि निघण्याच्या ४८ तास आधी कंपनीला पुन्हा कळवून खात्री करून घ्या. ऐनवेळी मागितली तर थांबून राहावं लागतं.

ए-३३० नऊच्या मांडणीचं असेल, तर माझा सल्ला थोडा बदलतो. वाचणाऱ्या ३८ हजारांतून दोघांच्या जाऊन-येऊन बॅगा, सीट, जेवण वजा करा. माझ्या अंदाजाने हातात निम्मेच उरतील. त्या रकमेसाठी पहिल्या परदेशवारीला, दुखऱ्या गुडघ्याने, अरुंद खुर्चीत बसवायचं का, हे बाबांना नाही, आईंना विचारा. बाबा पैसे वाचवण्याच्या बाजूनेच बोलणार, आमची पिढी तशीच आहे. जाताना सिंगापूर एअरलाइन्स आणि येताना स्वस्त, अशी दोन एकेरी तिकिटं किती पडतात तेही बघा. एकेरी तिकीट कधी कधी उगाच महाग असतं, पण बघायला पैसे लागत नाहीत. जातानाचा प्रवास नीट झाला की येताना त्यांना सगळं माहीत असतं, भीड चेपलेली असते.

रात्री ११ चं विमान असेल तर दुपारी १ ला नाशिक सोडा. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाची कटकट गेली. बोगद्यातून भुर्रकन खाली उतरता. पण आमण्याच्या पुढे भिवंडी आणि ठाण्यात माजिवड्यापर्यंत गाडी कधी अडकेल याचा नेम नाही, आणि संध्याकाळी तर नाहीच नाही. लवकर पोचून टी-२ वर बसून राहिले तरी हरकत नाही, स्वस्त कंपन्यांचं काउंटर मात्र ठरल्या वेळी बंद होतं, तिथे गयावया चालत नाही. शेअर टॅक्सी नको, स्वतंत्र गाडी करा. एप्रिलमध्ये परतताना विमान रात्री उतरणार असेल तर लगेच नाशिकला निघू नका. इतका प्रवास झाल्यावर रात्रीचा रस्ता नको, अंधेरीत कोणा नातेवाइकाकडे झोपवा, सकाळी आणा.

हो, आणि बेल्टवर एखादी बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडायच्या आधी तिथल्या काउंटरवर पीआयआर नावाचा फॉर्म भरून त्याची प्रत घ्या. फुटक्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांच्या आत करावी लागते. हे ताईला मेलबर्नला सांगून ठेवा, कारण तिथे आई-बाबा दमलेले असतील आणि लेकीला भेटायच्या ओढीने सरळ बाहेर पडतील.

गोदाकाठ

आईला विचारलं. ती म्हणाली, जाताना महागडं, येताना स्वस्त चालेल, तोवर माझं इंग्रजी सुधारलेलं असेल. एकेरी तिकिटांचे भाव आज रात्री बघते. बुकिंग झालं की पीएनआर इथे देते काका, सीट बघाल ना?

ओझरकर

बघतो, पण पीएनआर इथे टाकू नका. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कोणीही तुमचं बुकिंग उघडू शकतं, रद्दही करू शकतं. नुसता विमानाचा नंबर आणि तारीख लिहा. त्यावरून कोणतं विमान आणि कोणती मांडणी ते कळतं, सीट मी रात्रीपर्यंत सांगतो.